पंगत आणि कचेरी

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम हे गाव आहे. शुकदास महाराजांनी १९६५ मध्ये येथे विवेकानंद आश्रमाची स्थापना केली आणि पुढे आश्रमाचे नावच गावाला चिकटले. शाळा, महाविद्यालये, रुग्णालय असा संस्थेचा व्याप वाढत गेला. तथापि दूरच्या माणसाला हे गाव ठाऊक असते ते विवेकानंद जयंती महोत्सवाच्या समारोपाला होणाऱ्या महाप्रसादामुळे. उघड्या शेतात माणसांच्या रांगाच रांगा मांडी घालून बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी, एवढाच बेत. त्याचे मोजमाप क्विंटलांत करावे लागते, अन्न ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पंगतीपर्यंत येते आणि स्वयंसेवकांचे हजारो हात ते वाढतात. जेवणाऱ्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. शुकदास महाराजांचे २०१७ मध्ये देहावसान झाले. महाप्रसादाची परंपरा त्यांच्या मागेही चालू राहिली.

या पंगतीत वाढणारे हात कोणाचे असतात? आसपासच्या गावांतले शेतकरी, शिक्षणसंस्थांतले विद्यार्थी, शिक्षक, नोकरदार असे सर्व थरांतले लोक त्यांत असतात. कोणाला मोबदला मिळत नाही, कोणाची हजेरी अंगठ्याच्या यंत्रावर लागत नाही, कोणाच्या गोपनीय अहवालात या कामाची नोंद होत नाही. उत्सव संपतो आणि ही माणसे आपापल्या कामावर परततात. त्यांतला एखादा तालुक्याच्या कचेरीत आपल्या टेबलाशी बसतो. काल पाण्याचा डबा घेऊन पंगतीच्या टोकापर्यंत धावलेल्या या माणसाच्या टेबलावर एक साधा अर्ज आठवडाभर पडून राहतो, आणि त्याचे त्याला फारसे काही वाटत नाही. माणूस तोच, हात तेच. मग मध्ये बदलते ते काय?

हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. राज्यातील लाखो कुटुंबांचे दाखले, शिष्यवृत्त्या, निवृत्तिवेतने आणि अनुदाने या टेबलांवरून जातात. माणसे कामाच्या ठिकाणी एकेकटी कशी वागतात, गटात कशी वागतात आणि का, याचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र ज्ञानशाखाच गेल्या शतकात उभी राहिली. वाणिज्य व व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना ती ‘संघटनात्मक वर्तन’ या नावाने परिचित आहे. परीक्षेपुरते तिच्यातील सिद्धांत पाठ केले जातात आणि नोकरी लागली की विसरले जातात. वस्तुतः हिवऱ्याच्या पंगतीचे आणि तालुक्याच्या कचेरीचे कोडे सोडवायला तिचा चांगला उपयोग होण्यासारखा आहे.

प्रचलित उत्तरे दोन. पहिले असे की पंगतीत श्रद्धा असते आणि कचेरीत ती नसते. दुसरे असे की सरकारी नोकराला धाक उरलेला नाही. धाक बसवा, काम होईल. पहिले उत्तर अगदीच खोटे नाही, पण अपुरे आहे. श्रद्धेने माणूस जमतो. जमलेली माणसे नीट काम करतीलच असे नाही. गर्दीच्या उत्सवांत श्रद्धा असूनही गोंधळ, नासाडी आणि चेंगराचेंगरी झाल्याची उदाहरणे या देशात कमी नाहीत. दुसऱ्या उत्तराची परीक्षा मात्र इतिहासाने घेतलेली आहे.

धाकाच्या आणि मोजमापाच्या विचाराला शास्त्राचे रूप दिले ते अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर यांनी. त्यांचा ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक कामाचे तुकडे पाडावेत, घड्याळ लावून प्रत्येक तुकड्याचा वेळ ठरवावा, काम कसे करायचे हे व्यवस्थापनाने ठरवावे आणि कामगाराने ते तसेच पार पाडावे, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. या विचाराचे वारे पुढे मुंबईच्या गिरणगावातही शिरले. दोन मागांऐवजी तीन माग एका विणकराने सांभाळावेत, अशा स्वरूपाची ‘सुधारणा’ गिरण्यांत सुरू झाली आणि १९२८ च्या एप्रिलमध्ये जो संप पेटला, तो सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. गिरणी कामगार युनियन जन्मली ती याच संपात. तिसरा माग सांभाळणे अशक्य होते म्हणूनच केवळ हा संप झाला, असे नाही. माग वाढले की शेजारच्याची नोकरी जाणार आणि दरही उतरणार, हे कामगाराला स्वच्छ दिसत होते. घड्याळाने वेळ मोजला. ही भीती मात्र घड्याळाच्या हिशेबात कोठेच नव्हती.

नेमकी हीच भीती काही वर्षांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात संशोधकांच्या डोळ्यांसमोर प्रकट झाली. टेलिफोनची यंत्रसामग्री तयार करणाऱ्या या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोगांची एक मालिकाच झाली. हार्वर्डचे एल्टन मेयो यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. यातील पहिल्या प्रयोगांवर, प्रकाश कमी-जास्त केला तरी उत्पादन वाढले या प्रसिद्ध निष्कर्षावर, पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले आणि ते बऱ्याच अंशी रास्त आहेत. परंतु १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या चौदा कामगारांच्या खोलीत जे दिसले, ते कोणत्याही कारकुनाला लगेच ओळखू येईल. तेथे मजुरी गटाच्या एकूण उत्पादनावर अवलंबून होती. म्हणजे जास्त काम केले तर सर्वांनाच जास्त पैसे. तरीही दिवसाचे ‘योग्य’ काम किती याचा एक अलिखित आकडा त्या चौदा जणांनी आपसांत ठरवला होता. त्याहून जास्त करणाऱ्याची थट्टा होई, प्रसंगी दंडावर गुद्दा बसे. फार कमी करणाऱ्यालाही बोल लागे. आणि साहेबाकडे चुगली करणारा तर सर्वांत वाईट ठरे.

हा आळस नव्हे. तो मंदीचा काळ होता. उत्पादन वाढले तर दर कापला जाईल, काम लवकर संपले तर माणसे कमी केली जातील, असा त्या कामगारांचा हिशेब होता. आपल्या कचेऱ्यांत हाच हिशेब वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. नव्याने लागलेला तरुण कारकून पहिल्या महिन्यात चार जणांचे काम उरकू लागला की एखादा ज्येष्ठ सहकारी त्याला चहाच्या वेळी बाजूला घेतो आणि प्रेमानेच सांगतो, ‘बाबा रे, असा पायंडा पाडू नकोस.’ या सल्ल्यात अनुभव असतो. उरकणाऱ्याच्या टेबलावर न उरकणाऱ्याचेही काम येऊन पडते, रिक्त जागा भरल्या जात नाहीत, आणि चूक झाली तर चौकशी मात्र उरकणाऱ्याचीच होते. ज्याने काही केलेच नाही, त्याची चूक निघणार कोठून? अशा रचनेत संथपणा हा शहाणपणा ठरतो. शिपायापासून साहेबापर्यंत सर्वजण तो शिकतात, आणि नंतर त्यालाच स्वभाव म्हटले जाते.

गटाविषयीचा दुसरा धडा शेतीशी संबंधित एका अभियंत्याने दिला. मॅक्स रिंगेलमान हे फ्रान्सचे. माणसांना दोर ओढायला लावून त्यांनी बळ मोजले आणि आपले निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. एक माणूस जेवढे ओढतो त्याच्या आठपट आठ माणसांनी ओढायला हवे. प्रत्यक्षात माणशी बळ जवळजवळ निम्म्यावर आले. काही भाग ताळमेळ चुकल्यामुळे वाया गेला. पण पुढील काळातील प्रयोगांनी असेही दाखवले की आपला वाटा वेगळा दिसणार नाही असे ठाऊक असले की माणूस नकळत हात आखडता घेतो. ‘गाव करी ते राव न करी’ असे आपली म्हण सांगते. रिंगेलमान यांचा दोर तिला एक अट जोडतो: गावातील प्रत्येकाचा वाटा दिसला पाहिजे.

आता पुन्हा पंगतीकडे पाहावे. जेवणारे लाखभर असले, तरी वाढणाऱ्यापुढे लाख माणसे नसतात. त्याच्यापुढे एक रांग असते. पुरीवाला, भाजीवाला आणि पाणीवाला यांची कामे वेगळी असतात आणि प्रत्येकाच्या हातात कोणते भांडे आहे, ते सर्वांना दिसते. कोणाच्या पानात पुरी आली नाही तर तो माणूस हात वर करतो. त्यासाठी त्याला अर्ज करावा लागत नाही. भाजी संपली तर वाढणारा ट्रॉलीकडे स्वतः धावतो. त्यासाठी त्याला वरिष्ठांची मंजुरी लागत नाही. आणि रांग उठली की काम पुरे झाले, हे त्याला डोळ्यांनी दिसते. एवढा प्रचंड गट, पण प्रत्येकाचे काम लहान, दृश्य आणि पूर्ण. श्रद्धेने आणलेली माणसे या रचनेमुळे टिकून काम करतात.

कचेरीत या प्रत्येक गोष्टीची उलटी बाजू आढळते. फाईल आठ टेबलांवरून जाते आणि तिचा शेवट कोणत्याच टेबलावरून दिसत नाही. अर्जदार खिडकीपलीकडे असतो. त्याला उत्तर देणाऱ्याला निर्णयाचा अधिकार नसतो आणि निर्णय घेणाऱ्याला अर्जदाराचे तोंड दिसत नाही. ही दुरवस्था दूर करण्यासाठी कायदे झाले नाहीत असे नाही. महाराष्ट्राने २००५ मध्ये बदल्यांचे विनियमन आणि दफ्तरदिरंगाईचा प्रतिबंध करणारा कायदा केला. कोणत्याही कर्मचाऱ्याजवळ फाईल सामान्यतः सात कामकाजी दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये, असे त्यात म्हटले आहे. २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा आला. ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद त्यात आहे. दोन्ही कायदे स्वागतार्ह आहेत आणि नागरिकांनी त्यांचा वापर केला पाहिजे. पण सात दिवसांची मुदत एकेका टेबलाला लागते. सहाव्या दिवशी एखादी त्रुटी काढून फाईल खाली पाठवली तर टेबल मोकळे होते. अर्जदार मात्र होता तेथेच राहतो.

केवळ दंडाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. इस्रायलमधील हैफा शहरातील पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी दंड बसवला. उशीर कमी होण्याऐवजी तो जवळजवळ दुप्पट झाला. पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवण्याची पालकांना लाज वाटे. दंड बसल्यावर उशीर ही पैसे देऊन घेण्याची सोय झाली. पुढे दंड उठवला, तरी गेलेली लाज परत आली नाही. अर्थशास्त्र मोबदल्याची आणि दंडाची भाषा जाणते, आणि त्या भाषेत पुष्कळ तथ्यही आहे. पण काही नाती अशी असतात की त्यांना किंमत चिकटवली की ती सुटतात.

मग यावर उपाय काय? जवळच्याच एका राज्यातील उदाहरण येथे उपयोगी पडते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत एक प्रयोग केला. स्वयंचलित माग आणूनही तेथे उत्पादन वाढत नव्हते. काम अनेक तुकड्यांत विभागलेले होते आणि कोणी कोणाला बांधील नव्हते. राइस यांनी सुचवले की लहान गट करावेत आणि ठरावीक मागांची सगळी जबाबदारी एकेका गटाकडे द्यावी. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि गट स्वतःच बनवले. सुरुवातीच्या चढउतारानंतर उत्पादन वाढले, खराब कापड कमी निघू लागले. माग तेच, माणसे तीच. बदलली होती ती कामाची वाटणी. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७० मध्ये तेथे पुन्हा गेले, तेव्हा काही विभागांत ही पद्धत टिकून होती आणि काही ठिकाणी ती ढासळून जुन्या वळणावर गेली होती. म्हणजे चांगली रचना एकदा बसवली की कायम टिकते असे नाही. तिची राखण करावी लागते.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. तीन दिवसांचा उत्सव आणि तीस वर्षांची नोकरी यांची तुलना न्याय्य आहे काय? स्वयंसेवकाची चूल दुसऱ्या उत्पन्नावर पेटलेली असते. म्हणून तो विनामूल्य राबू शकतो. याच जिल्ह्यातील शेगावच्या संत गजानन महाराज संस्थानात सेवाधारी पाळीपाळीने येतात, ठरलेले दिवस सेवा देतात आणि घरी परततात. २०२१ मध्ये निवर्तलेल्या शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके ज्या शिस्तीने तेथील कारभार पाहिला, तिचे कौतुक सर्वत्र झाले आणि ते योग्यच होते. पण ‘पाळी’ या शब्दातच त्या सेवेची मर्यादा आहे. सेवेतील आनंद हा घरी परतता येण्याच्या स्वातंत्र्याशी बांधलेला असतो. तिचे रूपांतर नित्याच्या नोकरीत झाले की तिला वेतन लागते, रजा लागते, उतारवयाची तरतूद लागते.

नेमकी हीच मर्यादा आपल्या राज्यकर्त्यांनी सोयीस्करपणे विसरलेली दिसते. ‘सेवा’ या शब्दाचे पावित्र्य त्यांनी स्वस्त श्रमासाठी वापरले. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पात्रताधारक शिक्षकाने पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधनावर काम करायचे, आणि वर्गात शिकवायचे मात्र तेच, जे शेजारच्या वर्गातला कायम शिक्षक शिकवतो. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सुमारे दशकभर दरमहा ६,००० रुपयांवर थांबलेले होते. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील अध्यापक वर्षानुवर्षे तासांचा हिशेब करीत राहतात. अंगणवाडीत ‘सेविका’ असतात. खेड्यापाड्यांत आरोग्याचा भार वाहणाऱ्या आशा तर कागदोपत्री स्वयंसेविकाच आहेत. अंगणवाडी सेविका व मदतनिसांना उपदानाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातील अंगणवाड्यांना संपामुळे कुलुपे लागली. ज्यांना आपण सेविका म्हणतो, त्यांनी संप करताच समाजाला नवल वाटते. मानधनाच्या आकड्याचे मात्र वाटत नाही.

याचा परिणाम केवळ त्या कर्मचाऱ्यांच्या घरापुरता राहत नाही. एकाच शाळेत, एकाच कामासाठी दोन प्रकारची माणसे आली की गटाचे वर्तन बदलते. कायम असलेला म्हणतो, ‘नव्याने आलेला करील’. नव्याने आलेला म्हणतो, ‘मला कोठे पूर्ण पगार आहे?’ दोर ओढणाऱ्या आठ जणांपैकी चौघांना निम्मी मजुरी देऊन वर सेवाभावाचे व्याख्यान दिले, तर दोर हलायचा कसा? तारा जोडणाऱ्या त्या चौदा जणांचा अलिखित आकडा मग प्रत्येक शिक्षककक्षात आणि प्रत्येक कचेरीत आपोआप तयार होतो. तो मोडायला परिपत्रक पुरत नाही.

म्हणून पंगतीपासून घ्यायचा धडा नीट ओळखला पाहिजे. विनामूल्य राबण्याचा धडा त्यातून काढणे हा स्वयंसेवकांच्या श्रद्धेचा गैरवापर होईल. घ्यायची आहे ती रचना. एका लहान गटाकडे एका वस्तीचे, एका योजनेचे किंवा एका प्रकारच्या अर्जाचे काम प्रारंभापासून शेवटापर्यंत सोपवावे. खिडकीवर बसणाऱ्याला साध्या प्रकरणांत निर्णयाचा अधिकार द्यावा, आणि प्रामाणिक चुकीसाठी त्याला वाऱ्यावर सोडू नये. मोजायचे असेल तर फाईल टेबलावर किती दिवस राहिली याबरोबरच नागरिकाला किती खेपा पडल्या, हेही मोजावे. जो उरकतो त्याच्यावर इतरांचे ओझे टाकण्याची रीत बंद करावी. रिक्त जागा भराव्यात. आणि समान कामाला समान वेतन देऊन मगच सेवाभावाविषयी बोलावे.

यातील पुष्कळशा गोष्टींना मोठा निधी लागत नाही. वेतनाला आणि भरतीला मात्र लागतो, आणि तो टाळून बाकीचे साधेल असे मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. शिक्षक आणि कारकून यांच्या संघटनांवरही येथे एक जबाबदारी येते. वेतनासाठी झगडणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. परंतु कामाची मांडणी कशी असावी हा प्रश्न त्यांनी पूर्णपणे वरिष्ठांवर सोपवला, तर वरून घड्याळ येईल किंवा अंगठ्याचे यंत्र येईल. अहमदाबादच्या विणकरांनी गट स्वतः बनवले होते, ही बाब त्यांनी ध्यानात घ्यावी.

हिवऱ्याच्या शेतात पंगत उठते तेव्हा वाढणाऱ्याच्या हातातले भांडे रिकामे असते आणि समोरचा माणूस जेवून उठलेला असतो. आपल्या श्रमाचे काय झाले, हे त्याला विचारावे लागत नाही. संध्याकाळी कचेरी सुटताना असे समाधान किती जणांच्या वाट्याला येते? ते ज्या दिवशी येऊ लागेल, त्या दिवशी खिडकीपलीकडच्या माणसालाही उद्याची खेप घालावी लागणार नाही.